प्रभावाचा पुरावा: इंदुरातील मराठी संस्थांच्या विश्वस्तांना खुले पत्र

इंदुरातील मराठी संस्थांचे सन्माननीय विश्वस्त आणि शिष्यवृत्ती समित्यांचे सदस्य यांस,

सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात आपल्या शहरातील एका मराठी संस्थेच्या शिष्यवृत्ती समितीने एका विद्यार्थिनीचा संशोधन-प्रस्ताव परत पाठवला. इंदूरच्या बंद पडलेल्या कापड गिरण्यांच्या जमिनींचे पुढे काय झाले आणि त्या गिरण्यांभोवती वसलेल्या वस्त्यांमधील मराठी कुटुंबांवर त्याचा काय परिणाम झाला, हा तिचा विषय होता. आणि विषयाची मांडणी तिने डेव्हिड हार्वी या भूगोलज्ञाच्या विचारांच्या आधाराने केली होती. परत आलेल्या कागदांसोबत चार ओळींचे पत्र होते. ज्या विद्वानाचा आधार घेतला आहे त्याच्या संशोधनाच्या प्रभावाचा पुरावा प्रस्तावात नाही, हे पहिले कारण. विषय राजकीय स्वरूपाचा असून संस्थेचा निधी मराठी संस्कृतीच्या अभ्यासासाठी राखलेला आहे, हे दुसरे.

संस्थेचे नाव मी घेत नाही, कारण माझे भांडण त्या एका संस्थेशी नाही. असाच प्रस्ताव उद्या आपल्यापैकी दुसऱ्या कोणाच्या टेबलावर आला, तर त्याचेही हेच होईल अशी मला धास्ती वाटते, म्हणून हे पत्र सर्वांना उद्देशून लिहीत आहे. प्रस्ताव लिहिताना त्या विद्यार्थिनीला मी मदत केली होती. तेव्हा पुरावा जोडायचा राहिला ही चूक निम्मी माझी आहे आणि ती भरून काढणे माझे काम आहे.

पुरावा आकड्यांत आणि पदव्यांत हवा असेल तर तो एका परिच्छेदात मावतो. संशोधन-नियतकालिकांतील २००७ सालच्या संदर्भांची मोजणी करून मानव्यविद्या व सामाजिक शास्त्रांतील सर्वाधिक उद्धृत ग्रंथकारांची जी यादी निघाली, तीत हार्वी अठराव्या क्रमांकावर होते. तत्त्वज्ञ आणि समाजशास्त्रज्ञ यांच्या त्या गर्दीत एक भूगोलाचा माणूस होता, ही आमच्या विषयाला न सवयीची गोष्ट. भूगोलातील सर्वोच्च मानला जाणारा वोत्रँ ल्यूद पुरस्कार त्यांना १९९५ मध्ये मिळाला. १९८७ ते १९९३ या काळात ते ऑक्सफर्डला मॅकिंडर अध्यासनावर होते आणि २००१ मध्ये न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीत मानवशास्त्राचे प्राध्यापक झाले. हे सारे प्रस्तावाच्या शेवटी टाचून दिले असते तर समितीचे समाधान झाले असते असे मला वाटते, आणि नेमकी तीच गोष्ट मला खटकते. कारण या मजकुरातून एवढेच कळते की पुष्कळ लोकांनी हार्वी यांचे नाव लिहिले. त्यांच्यामुळे लोक कोणते प्रश्न विचारू लागले, हे त्यातून कळत नाही. आणि संशोधनाचा प्रभाव म्हणतात तो प्रश्नांवरच पडतो.

हार्वी यांचा जन्म १९३५ चा, इंग्लंडमधील केंट परगण्यातल्या जिलिंगहॅमचा. वडील शेजारच्या चॅटमच्या नौदल गोदीत फोरमन होते. (माझे वडील इथल्या एका गिरणीत साळखात्यात, म्हणजे विणकाम विभागात, जॉबर म्हणजे मुकादम होते, त्यामुळे हा तपशील माझ्या लक्षात राहिला, त्याला याहून जास्त महत्त्व नाही.) केंब्रिजला त्यांनी डॉक्टरेट केली ती एकोणिसाव्या शतकातील केंटच्या शेतीवर, विशेषतः बिअरमध्ये घालतात त्या हॉप्सच्या लागवडीवर. पुढे १९६९ मध्ये ‘एक्स्प्लनेशन इन जिऑग्रफी’ हा ग्रंथ आला. भूगोलाने शास्त्रासारखे कसे वागावे, सिद्धांत कसा मांडावा, प्रतिमान कसे बांधावे, याची ती जाडजूड आणि शिस्तबद्ध चर्चा आहे. आमच्या पिढीला एम.ए.ला हार्वी म्हणजे हेच पुस्तक असे सांगण्यात आले होते. लेखक त्याच साली अमेरिकेतल्या बाल्टिमोरला गेला आणि तिथे त्याचे विचार मुळापासून बदलले, ही बातमी आमच्यापर्यंत फार उशिरा पोहोचली. आमच्या टिपणवह्यांमध्ये तो १९६९ सालीच थांबून राहिला होता.

मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर एप्रिल १९६८ मध्ये बाल्टिमोरमध्ये दंगली उसळल्या होत्या. हार्वी जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात रुजू झाले तेव्हा त्या घटनेला जेमतेम दीड वर्ष लोटले होते. शहरातल्या घरांचा प्रश्न काय आहे हे शोधण्याच्या कामात ते पडले. इथे त्यांनी जे केले ते मला आजही कोणत्याही संशोधकाने गिरवण्यासारखे वाटते. गरिबांना घरे का मिळत नाहीत, या सरळ प्रश्नाऐवजी त्यांनी वस्तीवार पाहिले की घर विकत घेण्यासाठी पैसा कोण देतो, कोणत्या अटींवर देतो आणि कुठे देतच नाही. लता चटर्जी यांच्यासोबत त्यांनी १९७४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात शहराची अशी फोड आहे: कुठे बचत संस्था कर्ज देतात, कुठे सरकारी हमीचे कर्ज चालते, आणि मध्यवर्ती गरीब वस्त्यांत बँका फिरकत नाहीत, तिथे रोखीने किंवा खासगी सावकारीवर सौदे होतात. जमिनीचा खंड, म्हणजे तिच्या वापरापोटी मालकाला मिळणारे भाडे, निसर्गाने किंवा बाजाराने ठरवलेला नसतो; पतपुरवठा करणाऱ्या संस्था आणि शासन मिळून शहराचे जे कप्पे पाडतात, त्या कप्प्यांच्या भिंतींतून तो उपजतो, असा त्या निबंधाचा निष्कर्ष होता. एका भारतीय नावाच्या सहलेखिकेने या पायाभूत कामात अर्धा वाटा उचलला होता, हे आपल्याकडे फारसे कोणी सांगत नाही.

याच काळातला एक प्रसंग हार्वी यांनी मुलाखतींत सांगितला आहे. घरांविषयीच्या अहवालात त्यांनी उपयोगमूल्य आणि विनिमयमूल्य हा भेद वापरला: राहणाऱ्याला घर निवाऱ्यासाठी हवे असते आणि विकणाऱ्याला किमतीसाठी, आणि दोघांची गाठ नेहमीच पडते असे नाही. अधिकारी आणि बँकवाले यांना ही मांडणी पटली, उपयोगी वाटली. ती मार्क्सच्या ‘भांडवल’ या ग्रंथाच्या पहिल्याच प्रकरणातून घेतलेली आहे, हे त्यांनी आधी सांगितले नव्हते. नाव ऐकण्यापूर्वी युक्तिवाद ऐकला तर तो वेगळा ऐकू येतो. शिष्यवृत्तीच्या प्रस्तावांबाबतही हे खरे असावे.

आता हे बाल्टिमोर इंदुरात आणून पाहा. तिथे काळ्या कुटुंबांना बँकेचे कर्ज मिळत नसे, तेव्हा हप्त्यांच्या करारावर घरे विकली जात. शेवटचा हप्ता फिटेपर्यंत मालकी विकणाऱ्याकडेच राही आणि मध्येच हप्ता चुकला तर घरही जाई आणि भरलेला पैसाही. मधले दलाल यात गबर झाले. आपल्या शहरात जमिनीचे सौदे ‘डायरीवर’ होतात हे इथे राहणाऱ्या कोणालाही समजावून सांगावे लागत नाही. हप्ते डायरीत चढतात, रजिस्ट्री पुढे कधीतरी व्हायची असते, आणि तोवर तीच डायरी चार हातांतून फिरून तिची किंमत दुप्पट झालेली असते. भूखंडावर घर बांधू इच्छिणारा माणूस या साखळीच्या अगदी टोकाला असतो. बाल्टिमोरचा हप्त्याचा करार आणि इंदूरची डायरी या एकच गोष्टी आहेत असे मी म्हणत नाही. तिथे वंशभेदाची भिंत होती. इथे वेगळ्या भिंती आहेत, त्यांत पगारपत्रक नसणे ही एक मोठी भिंत आहे. पण कायद्याच्या दस्तऐवजाबाहेर होणारा व्यवहार हा निव्वळ फसवणुकीचा किस्सा नसून शहराच्या वाढीचे एक नियमित यंत्र असू शकतो, ही शंका मला हार्वी वाचल्यावर आली. त्यापूर्वी चाळीस वर्षे मी डायरीविषयी फक्त गप्पा ऐकत होतो.

१९७३ मध्ये आलेल्या ‘सोशल जस्टिस अँड द सिटी’ या ग्रंथाची रचनाही ध्यानात घेण्याजोगी आहे. पहिल्या भागात उदारमतवादी मांडणी आहे आणि दुसऱ्या भागात समाजवादी. लेखकाने आपले मत बदलले, आणि बदलण्यापूर्वीचे लिखाण लपवण्याऐवजी त्याच पुस्तकात शेजारी छापले. चार वर्षांपूर्वी ज्या पद्धतीचा आपणच पाठ्यग्रंथ लिहिला, ती पद्धत डोळ्यांसमोर घडणाऱ्या घटनांविषयी अर्थपूर्ण असे काही बोलू शकत नाही, हे त्यांनी उघडपणे लिहिले. तोवर १९६९ मध्ये क्लार्क विद्यापीठात सुरू झालेले ‘अँटिपोड’ हे नियतकालिक अशा भूगोलाचे व्यासपीठ झाले होते. त्यांच्या हाताखाली शिकलेल्या नील स्मिथ यांनी १९७९ मध्ये खंड-तफावतीची कल्पना मांडली: एखाद्या जागेतून आज मिळणारे उत्पन्न आणि तीच जागा दुसऱ्या कामी लावल्यास मिळू शकणारे उत्पन्न यांतील अंतर पुरेसे रुंदावले की भांडवल तिथे परतते आणि जुने रहिवासी निघतात. शहराविषयी लिहिणारे जगभरचे अभ्यासक आज ही कल्पना वापरतात, पुष्कळदा ती मुळात कोणाची हे न सांगता. प्रभाव मुरला की नाव गळून पडते, आणि मग मोजणीत तो दिसत नाही.

हार्वी यांचे पुढचे मोठे काम १९८२ च्या ‘द लिमिट्स टू कॅपिटल’मध्ये आहे. ते वाचायला अवघड आहे आणि मी ते दोनदा अर्धवट सोडून तिसऱ्यांदा पुरे केले. त्यातला आपल्या कामाचा धागा असा. भांडवल साचत जाते आणि एका टप्प्यावर त्याला नफ्याने गुंतायला जागा उरत नाही. मग ते रस्ते, रेल्वे, इमारती अशा दीर्घकाळ टिकणाऱ्या गोष्टींत शिरते किंवा नव्या प्रदेशात जाते. याला ते अवकाशीय तोडगा म्हणतात. पण जमिनीत रुतलेले भांडवल हलवता येत नाही. काही दशकांनी तेच नव्या भांडवलाच्या वाटेत अडसर होते आणि मग मोडून काढावे लागते. १८४८ च्या अरिष्टानंतर तिसऱ्या नेपोलियनच्या काळात ओसमानने पॅरिस फोडून रुंद रस्ते काढले, याचा त्यांनी अनेक वर्षे अभ्यास केला तो याच सूत्राने.

इंदूरचा गेल्या दीडशे वर्षांचा इतिहास या सूत्रात किती चपखल बसतो आणि कुठे बसत नाही, हे पाहण्यासारखे आहे. माळव्याची अफू चीनला जात होती त्या काळात इथल्या सराफ्यात पैसा साचला. दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी १८७० च्या सुमारास खांडवा–इंदूर लोहमार्गासाठी इंग्रज सरकारला १ कोटी रुपये कर्ज दिले, साडेचार टक्के व्याजाने आणि १०१ वर्षांच्या मुदतीने. एका संस्थानाने साम्राज्याला शंभर वर्षांचे कर्ज द्यावे आणि त्यातून आपल्या शहराचे मुंबईपासूनचे अंतर कमी करून घ्यावे, यापेक्षा अवकाशीय तोडग्याचे सुबक उदाहरण पॅरिसमध्येही सापडणे कठीण. पुढे १९०७ च्या करारानंतर चीनला जाणारी अफू टप्प्याटप्प्याने बंद झाली, आणि त्यानंतरच्या दोन दशकांत मालवा मिल, हुकुमचंद मिल, राजकुमार मिल अशी धुराडी इथे एकामागून एक उभी राहिली. अफू आणि कापसाच्या सट्ट्यात मिळवलेल्या पैशाला धुराड्यांत जागा मिळाली, असे म्हणता येईल. पण कोणाचा किती पैसा कुठून कुठे गेला हे वह्या पाहिल्याशिवाय ठरणार नाही. त्या वह्या पाहण्याचे काम कोणीतरी करायला हवे, आणि आमची विद्यार्थिनी ते करायला तयार आहे.

विसाव्या शतकाच्या शेवटी तेच भांडवल धुराड्यांतून निघाले. शेजारच्या पीथमपूरला वाहन-उद्योग आला, शहराच्या कडेने वसाहती पडल्या आणि गिरण्या आजारी झाल्या. हुकुमचंद मिल १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला बंद पडली तेव्हा शहराच्या पोटात सुमारे ४२ एकर जमीन आणि हजारो कामगारांची थकलेली देणी असे दोन हिशेब मागे राहिले. तीस वर्षे न्यायालयात गेली. अखेर राज्याच्या गृहनिर्माण मंडळाने जमीन घेतली आणि २५ डिसेंबर २०२३ रोजी सुमारे २२४ कोटी रुपयांचा धनादेश कामगारांच्या देण्यांपोटी सुपूर्द झाला. लाभ मिळणाऱ्यांची संख्या सुमारे ४,८०० सांगितली गेली. त्यांतील अनेकांच्या जागी रक्कम घ्यायला वारस आले होते.

या घटनेला हार्वी यांची कोणती संज्ञा लावायची? २००३ च्या ‘द न्यू इम्पीरियलिझम’मध्ये त्यांनी हिरावून घेऊन होणाऱ्या संचयाची कल्पना मांडली. भांडवलशाहीच्या जन्मकाळी झालेली लूट ही संपलेली गोष्ट नाही, सार्वजनिक मालमत्ता, निवृत्तिवेतन, जमिनी यांवर ती आजही चालू असते, हे तिचे सार. भारतात ती फार लोकप्रिय झाली. विशेष आर्थिक क्षेत्रांच्या वादात ती सर्वांच्या तोंडी होती, आणि मुंबई विद्यापीठात भूगोल शिकवलेल्या स्वप्ना बॅनर्जी-गुहा यांनी २०१० मध्ये याच शीर्षकाचा, बदलत्या शहरांवरचा ग्रंथ संपादित केला. पण हुकुमचंदच्या जमिनीला ही संज्ञा सरळ लावता येत नाही. इथे जमीन कामगारांची कधीच नव्हती. हिरावले गेले ते वेतन, ग्रॅच्युइटी आणि तीस वर्षे; आणि शेवटी पैसा आला तो गिरणीच्या नफ्यातून आला नाही, त्याच जमिनीच्या वाढलेल्या किमतीतून आला. म्हणजे कामगारांना त्यांच्या श्रमाचे मोल मिळायला शहरातला खंड चढेपर्यंत थांबावे लागले. हा गुंता कोणत्याही तयार संज्ञेत मावत नाही, आणि म्हणूनच तो संशोधनाचा विषय आहे. ज्या प्रस्तावाचे उत्तर आधीच ठाऊक असते त्याला शिष्यवृत्ती कशाला द्यायची?

मुंबईशी तुलना केली तर फरक आणखी ठळक होतो. तिथे १९८२ च्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. १९९१ च्या विकास नियमावलीने गिरण्यांच्या जमिनीचे पालिका, म्हाडा आणि मालक असे तीन वाटे सांगितले. २००१ च्या दुरुस्तीने ते वाटे फक्त मोकळ्या जागेपुरते उरले आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती वैध ठरवली. गिरणगावावर मराठीत कथा, कविता, नाटके, आठवणी असे भरभरून लिहिले गेले. इंदूरच्या गिरण्यांवर मराठीत काय आहे, ते आपणच आपल्या ग्रंथालयाच्या यादीत पाहावे.

येथून मी नकाराच्या दुसऱ्या कारणाकडे येतो. विषय सांस्कृतिक नाही असे समितीने म्हटले. अनंत चतुर्दशीच्या रात्री रस्त्याच्या कडेला सतरंजी टाकून आपण सर्वांनी झांक्या, म्हणजे मिरवणुकीतले सजवलेले देखावे, पाहिल्या आहेत. त्या कोणी काढल्या? गिरण्यांनी काढल्या, कामगारांनी सुट्टीच्या पाळीत राबून त्या बांधल्या, आणि जवळजवळ शंभर वर्षांची ती परंपरा गिरण्या बंद पडल्यानंतरही कामगारांनी वर्गणी आणि अनुदान जमवून चालू ठेवली. ज्या गिरणीत एकही साचा, म्हणजे माग, हलत नाही तिची झांकी दरवर्षी निघते, ही गोष्ट जर सांस्कृतिक नसेल तर मग नाट्यसंगीताच्या मैफली सोडून दुसरे काहीच सांस्कृतिक उरणार नाही. नंदानगर, परदेशीपुरा या गिरणी-वस्त्यांतल्या मराठी घरांत जी मराठी बोलली जाते ती आपल्या जुन्या वाड्यांतल्या मराठीपेक्षा वेगळी आहे. ही मराठीही आपलीच आहे. आपल्या व्याख्यानमालांना मात्र ती कधी ऐकू आलेली नाही. हे लिहिताना मला बरे वाटत नाही, कारण त्या व्याख्यानमालांच्या पहिल्या रांगेत मीही बसत आलो आहे.

शिवाय शहराचा अभ्यास हे इंदुरात बाहेरून आलेले खूळ नव्हे. नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांना होळकर दरबाराने बोलावले आणि १९१८ मध्ये त्यांचा दोन खंडांचा अहवाल निघाला. जुन्या वस्त्या सरसकट पाडू नका, आधी गल्लीगल्लीतून चालून पाहणी करा आणि मगच जपून शस्त्रक्रिया करा, हे त्यांचे सांगणे. प्लेगच्या दिवसांत त्यांनी दिवाळीची मिरवणूक ज्या रस्त्यांवरील घरे सर्वांत स्वच्छ असतील त्या मार्गाने न्यायचे ठरवले आणि तीत घाणीच्या राक्षसासोबत उंदराचीही प्रतिमा होती, अशी हकिगत त्यांच्या चरित्रांत येते. २०१७ पासून स्वच्छतेचा पहिला क्रमांक मिरवणाऱ्या शहराला ही हकिगत आवडेल. गेडिस यांच्या लेखी शहर हा एक सजीव देह होता. त्या देहातील जमिनीचा खंड कोणाच्या खिशात जातो हा प्रश्न त्यांनी विचारला नाही. तो हार्वी यांनी विचारला. दोघांची पुस्तके एकाच फळीवर असावीत असे मला वाटते, आणि ती फळी मराठी संस्थेत असायला काहीच हरकत नसावी.

हार्वी यांची भक्ती करावी असा माझा आग्रह नाही. त्यांच्यावर गंभीर टीका झाली आहे आणि ती विद्यार्थिनीच्या प्रस्तावात आहे. १९८९ च्या ‘द कंडिशन ऑफ पोस्टमॉडर्निटी’ने त्यांना भूगोलाबाहेर प्रसिद्धी दिली, त्या पुस्तकावर भूगोलज्ञ डोरीन मॅसी यांनी दोन वर्षांतच लिहिले की या सर्व मांडणीत स्त्रियांचा अनुभव गाळला आहे आणि तरीही ती सर्वांच्या वतीने बोलते. अर्थशास्त्रज्ञ कल्याण सन्याल यांनी २००७ मध्ये दाखवले की आपल्याकडे विस्थापित झालेला माणूस पुन्हा कामगार म्हणून सामावला जाईलच असे नाही. तो गरजेच्या अर्थव्यवस्थेत, हातगाडीवर किंवा रिक्षावर, बाहेरच राहतो. गिरणीतून निघालेल्यांचे पुढे काय झाले हे पाहिले तर सन्याल जास्त जवळचे वाटतात. राजस्थानात विशेष आर्थिक क्षेत्राचा अभ्यास करणारे समाजशास्त्रज्ञ मायकेल लेव्हिन म्हणतात की आपल्याकडे जमीन हिरावण्यात शासन दलालाची भूमिका बजावते आणि ते तपशिलात पाहायला हवे. आणि माझी स्वतःची तक्रार अशी की हार्वी यांच्या शहरात जात नाही. कोणाला कोणत्या खात्यात घेतले, कोणाला कोणत्या ओळीत खोली मिळाली, देणी मिळेपर्यंत तीस वर्षे कोणाचे नातेवाईक सांभाळू शकले आणि कोणाचे नाही, हे जात वगळून सांगता येणार नाही. बाल्टिमोरमध्ये वंश पाहणाऱ्या डोळ्यांना इथे जात पाहायला लावणे, हे आमचे काम आहे. त्यांनी ते करून द्यावे ही अपेक्षा चुकीची.

विषय राजकीय आहे, हे मात्र मान्य. जमिनीची किंमत, कामगाराची देणी, सुपर कॉरिडॉर, पाडलेला बीआरटीएस म्हणजे बसगाड्यांचा राखीव मार्ग, नवी मेट्रो, हे सर्व राजकीय आहे. पण संस्थानकाळातील वाड्यांचा अभ्यासही राजकीयच होता. वाडे आता जुने झाले, एवढेच.

माझी विनंती थोडक्यात सांगतो. ज्या समितीने प्रस्ताव परत केला तिने तो पुन्हा वाचावा, आणि वाचताना लेखकांची नावे झाकून मजकूर वाचावा. इतर संस्थांनी आपल्या अर्जाच्या नमुन्यात ‘प्रभावाचा पुरावा’ असा रकाना असेल तर तो काढून ‘या आधारामुळे कोणता नवा प्रश्न विचारता आला’ असा रकाना घालावा. ज्यांच्याकडे सभागृह आहे त्यांनी महिन्यातून एक संध्याकाळ वाचनमंडळाला द्यावी. हार्वी १९७१ पासून ‘भांडवल’ वर्गात शिकवत आले आणि त्या वर्गाची तेरा व्याख्याने २००८ पासून इंटरनेटवर विनामूल्य उपलब्ध आहेत. ती मराठीतून समजावून देण्याची जबाबदारी मी घेतो, मानधन नको. त्याहून तातडीची गोष्ट म्हणजे कागद. गिरणी कामगारांच्या घरांत हजेरीकार्डे, भविष्य निर्वाह निधीच्या पावत्या, झांक्यांचे हिशेब, युनियनची पत्रके, न्यायालयीन तारखांच्या नोंदी पडून आहेत. देणी मिळाल्यामुळे आता ते कागद निरुपयोगी झाले असे घरच्यांना वाटते आणि ते रद्दीत जाऊ लागले आहेत. शिष्यवृत्ती देता येत नसेल तर निदान एक कोरडी खोली आणि दोन कपाटे द्यावीत.

विद्यार्थिनीने स्वतःच्या खर्चाने आतापर्यंत सतरा घरांतील कागदांची यादी केली आहे. यादीची प्रत मागेल त्या संस्थेला मी आणून देईन, आणि अठरावे घर म्हणून माझ्या वडिलांचे हजेरीकार्डही त्यात घालेन. उत्तर पावसाळ्यापूर्वी मिळाले तर फार बरे होईल, कारण सतरापैकी दोन घरांतल्या पत्र्याच्या पेट्या गळक्या छपराखाली आहेत.

कळावे, लोभ असावा.

आपला नम्र,
एक निवृत्त भूगोल-प्राध्यापक,
इंदूर